निर्बंध सरकारवर, उपास लेकरांना

‘युद्ध नको, निर्बंध लादा!’

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणारच. कॉलेजच्या डिबेटमध्ये, टीव्हीवरच्या चर्चेत, मित्रांच्या ग्रुपवर. कुठं लष्करानं सत्ता बळकावली, कुठल्या हुकूमशहानं शेजारच्या देशात रणगाडे घुसवले की ही मागणी सुरू होतेच. ऐकायला ती शहाणपणाचीही वाटते. बॉम्ब नाहीत, सैनिक नाहीत, शवपेट्या नाहीत. फक्त व्यापार बंद, बँका बंद, बाहेरून येणारा पैसा बंद. सरकारची आर्थिक नाडी आवळली की ते आपोआप वठणीवर येईल, असा सगळा हिशेब.

आपणही मान डोलावतो. कारण त्या हिशेबात कुणाचं रक्त सांडताना दिसत नाही.

पण एक साधा प्रश्न विचारून बघा. त्या देशातल्या दीड वर्षाच्या मुलीच्या वाटीत या निर्बंधांनी काय बदलतं? तिनं कुणावर हल्ला केलेला नाही. तिला मत नाही, पक्ष नाही. तिला फक्त भूक लागते. आणि ती भूक निर्बंध उठेपर्यंत थांबत नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर इराककडं बघावं लागतं. हा काही फार जुना इतिहास नाही. तुमच्यापैकी अनेकांचा जन्म झाला, त्याच्या थोडंसं आधी तो संपला.

तेरा वर्षांचा उपास

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. चारच दिवसांनी, ६ ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ६६१ क्रमांकाचा ठराव केला. इराकशी जवळपास सगळा व्यापार बंद. १९९१ च्या युद्धानंतर कुवेत मोकळा झाला, पण निर्बंध उठले नाहीत. आता अट होती महासंहारक शस्त्रं नष्ट करण्याची. ते निर्बंध मोठ्या प्रमाणावर उठले ते थेट मे २००३ मध्ये, अमेरिकेच्या फौजा बगदादमध्ये पोहोचल्यावर. म्हणजे जवळजवळ तेरा वर्षं. १९९० मध्ये जन्मलेलं मूल तोवर सातवी-आठवीत गेलेलं.

आता यातली एक गोष्ट नीट वाचा. औषधांना पहिल्या दिवसापासून सूट होती. ‘मानवतावादी परिस्थितीत’ अन्नालाही सूट होती. एप्रिल १९९१ पासून तर फक्त कळवून अन्न आयात करता येत होतं. म्हणजे लेकरांचं अन्न तोडा असं कुणीही, कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मग मुलं कुपोषित झाली कशी?

वाटीतलं अन्न गेलं कुठं?

भूक एका झटक्यात येत नाही. ती पायऱ्या उतरत उतरत घरात येते.

पहिली पायरी पैशाची. इराक आपल्या गरजेचं बहुतेक अन्न बाहेरून आणायचा आणि त्यासाठी लागणारे डॉलर तेल विकून मिळवायचा. तेल विकायला बंदी. मग गहू घ्यायला परवानगी असून उपयोग काय? दुकान उघडं आहे, पण तुमचं पाकीटच कुणीतरी कपाटात कुलूपबंद करून ठेवलंय, अशी ही गत.

दुसरी पायरी महागाईची. सरकारनं नोटा छापल्या, दिनार कोसळला. १९९५ च्या अखेरीस एका डॉलरला सुमारे तीन हजार दिनार मोजावे लागत होते. शिक्षक, कारकून, नर्स यांचा महिन्याचा पगार मोजक्या डॉलरांइतकाच उरला. बाजारात अंडी होती, मटण होतं, दूध होतं. घेणार कोण?

तिसरी पायरी रेशनची. इराक सरकारनं सप्टेंबर १९९० पासून घरोघरी रेशन सुरू केलं. पीठ, तांदूळ, साखर, तेल, चहा. या रेशननं लाखो लोकांना तगवलं, हे मान्य करायलाच हवं. पण सुरुवातीच्या काळात त्यातून माणशी दिवसाला १,३०० कॅलरींच्या आसपासच मिळत होत्या. मोठ्या माणसाची गरज साधारण दोन हजारांच्या पुढं. शिवाय पोट भरणं वेगळं आणि पोषण वेगळं. भाकरी आणि गोड चहावर मूल झोपी जाईल, वाढणार नाही. वाढीसाठी प्रथिनं लागतात, लोह लागतं, जीवनसत्त्वं लागतात. नेमकं तेच पिशवीत नव्हतं.

चौथी पायरी पाण्याची. ही सगळ्यात कमी बोलली जाते. १९९१ च्या बॉम्बहल्ल्यात वीजकेंद्रं उद्ध्वस्त झाली. वीज गेली तसे पाणी शुद्ध करणारे आणि सांडपाणी उपसणारे पंप बंद पडले. घाण पाणी थेट टायग्रिस नदीत जाऊ लागलं. पंपांचे सुटे भाग, पाण्यात घालायचं क्लोरीन आणायला गेलं तर ‘याचा शस्त्रांसाठीही वापर होऊ शकतो’ म्हणून अडवणूक. घाण पाणी प्यायलं की जुलाब. जुलाब झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. अंगी लागलं नाही की मूल अशक्त होतं आणि अशक्त मुलाला पुन्हा जुलाब होतात. हे चक्र सुरू झालं की नुसतं अन्न देऊन ते थांबत नाही.

आणि पाचवी पायरी आईच्या दुधाची. सरकारी रेशनमध्ये बाळाच्या दुधाची पावडर मिळायची. फुकटात मिळते म्हटल्यावर बाटलीनं दूध पाजण्याचं प्रमाण खूप वाढलं. ती पावडर कालवायची कशात? त्याच घाण पाण्यात. १९९९ मध्ये युनिसेफनं इराक सरकारला सांगितलं, की ही पावडर रेशनमधून काढा आणि त्याऐवजी गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना जास्तीचं अन्न द्या. सल्ला साधा होता. पण तोवर निर्बंधांना नऊ वर्षं होत आली होती.

हजार दिवसांचं गणित

तुमच्या गावातली, वस्तीतली अंगणवाडी आठवा. ताई बाळाचं वजन करते, उंची मोजते, दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित. जगभर हेच माप चालतं.

कुपोषण दोन तऱ्हांचं असतं. एक, मूल अचानक खंगतं, हाडं दिसायला लागतात. हे डोळ्यांना दिसतं, फोटोत येतं. वेळेत उपचार मिळाले तर बरंही होतं. दुसरं असतं हळूहळू होणारं. मूल खंगलेलं दिसत नाही, फक्त वयाच्या मानानं उंची खुरटलेली राहते. चार वर्षांचं मूल अडीच वर्षांचं वाटतं. हे फोटोत येत नाही, त्यामुळे बातमीतही येत नाही.

पण खरी किंमत इथं मोजावी लागते. आईच्या पोटात असल्यापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंतचे साधारण हजार दिवस मेंदूच्या आणि शरीराच्या वाढीचे. त्या काळात खुंटलेली वाढ नंतर पूर्ण भरून निघणं फार अवघड. मोठा माणूस महिनाभर अर्धपोटी राहिला तर पुढं वजन भरून काढतो. बाळाला ती सोय नाही.

इराकमध्ये काय झालं? युनिसेफनं नोव्हेंबर १९९७ मध्ये जाहीर केलं, की पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३२ टक्के, म्हणजे जवळपास ९ लाख ६० हजार मुलं दीर्घकाळच्या कुपोषणाची शिकार आहेत. १९९१ च्या तुलनेत ही वाढ ७२ टक्क्यांची होती. तीन मुलांत एक. तेलावर तरंगणाऱ्या देशात.

ती मुलं आज तिशीच्या आसपास असतील. निर्बंध उठले, सद्दाम गेला, सरकारं बदलली. त्या हजार दिवसांचं नुकसान मात्र कुठल्याही ठरावानं परत फिरत नाही.

दोष कुणाचा?

इथं लगेच दोन टोळ्या पडतात. एक म्हणते, सगळा दोष अमेरिकेचा. दुसरी म्हणते, सगळा दोष सद्दामचा. दोन्हींना अर्धीच गोष्ट सांगायची असते. आपण पूर्ण ऐकू.

१९९१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सुरक्षा परिषदेनं इराकला देखरेखीखाली ठरावीक तेल विकून अन्न आणि औषधं घ्यायची परवानगी देऊ केली होती. सद्दामनं ती नाकारली. देशाच्या सार्वभौमत्वाला धक्का पोहोचतो म्हणे. त्याचे राजवाडे मात्र याच काळात उभे राहत होते. पुढं ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ या योजनेवर इराकनं सही केली मे १९९६ मध्ये आणि त्यातून पहिलं धान्य पोहोचलं मार्च १९९७ मध्ये. मधली पाच-सहा वर्षं कुणाच्या वाट्याला आली? जी मुलं त्या वर्षांत जन्मली, त्यांच्या.

योजना आल्यावर भ्रष्टाचारही आला. पॉल व्होल्कर यांच्या समितीनं २००५ मध्ये दाखवून दिलं, की दोन हजारांहून जास्त कंपन्यांनी सद्दामच्या सरकारला चोरून पैसे चारले होते. या अहवालाचे पडसाद दिल्लीतही उमटले. अहवालात नाव आल्यानं नटवर सिंह यांना परराष्ट्र खातं सोडावं लागलं. आपल्यावरचे आरोप त्यांनी नाकारले होते.

आता दुसरी बाजू. निर्बंध राबवणाऱ्या समितीतला कुठलाही सदस्य इराकची मागणी रोखून धरू शकत होता. बहुतेक वेळा रोखणारे होते अमेरिका आणि ब्रिटन. पंप, पाइप, विजेची यंत्रं, रसायनं. २००२ पर्यंत अशा अडकलेल्या मागण्यांची किंमत पाच अब्ज डॉलरच्या वर गेली होती. शिवाय तेलाच्या पैशातला सुरुवातीला ३० टक्के वाटा युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी कापला जाई. इराकमधला संयुक्त राष्ट्रांचा मानवतावादी कार्यक्रम सांभाळणारे डेनिस हॅलिडे १९९८ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केलं. आतून सगळं बघणारी, त्याच कामाची जबाबदारी असलेली दोन माणसं पाठोपाठ निघून जातात, तेव्हा काहीतरी गंभीर चुकत असतं.

सद्दामला ठाऊक होतं, की मुलं भुकेली दिसली तर जगाची सहानुभूती मिळेल. पलीकडच्यांना वाटत होतं, की लोक हैराण झाले तर सद्दाम झुकेल. दोघांच्याही डावात मूल हे प्यादंच होतं. आणि सद्दाम? तो तेरा वर्षं खुर्चीवर राहिला. उलट, घरटी रेशन त्याच्याच हातून मिळत असल्यामुळे लोक त्याच्यावर जास्तच अवलंबून झाले.

पाच लाखांचा तो आकडा

आता एक अवघड मुद्दा. पण तुम्ही कॉलेजात शिकता, तेव्हा तो टाळून चालणार नाही.

‘निर्बंधांमुळे इराकमध्ये पाच लाख मुलं मेली.’ हे वाक्य आजही फिरतं. त्याला एक व्हिडिओही जोडलेला असतो. मे १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांमधल्या अमेरिकेच्या राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांना टीव्हीवर या आकड्याबद्दल विचारलं गेलं. निवड कठीण आहे, पण ही किंमत मोजण्याजोगी आहे, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. त्या उत्तराचा पुढं त्यांनाही पश्चात्ताप झाला.

उत्तर भयंकर होतंच. पण मूळ आकडा खरा होता का?

१९९५ च्या पाहणीवरून हा आकडा निघाला. पाहणी करणाऱ्यांपैकीच एकीनं पुढं त्यातली काही घरं पुन्हा तपासली, तेव्हा आधीचे निष्कर्ष टिकले नाहीत. १९९९ मध्ये युनिसेफच्या सहकार्यानं झालेल्या मोठ्या पाहणीतही मध्य आणि दक्षिण इराकमध्ये बालमृत्यू दुपटीहून जास्त वाढल्याचं दिसलं. पण ती पाहणी सद्दामच्या सरकारी यंत्रणेच्या हातून झाली होती. २००३ नंतर, सद्दाम गेल्यावर वेगवेगळ्या पाहण्या झाल्या. त्यात १९९० च्या दशकात बालमृत्यूंची अशी प्रचंड लाट आलेलीच दिसत नाही. २०१७ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात संशोधकांनी स्पष्टच लिहिलं, की आकड्यांमध्ये सरकारनंच फेरफार केला होता.

मग काय, सगळंच खोटं? नाही. आणि इथंच घोळ होतो. पाच लाखांचा आकडा टिकला नाही म्हणून दिनार कोसळला नव्हता असं होत नाही. रेशनची पिशवी अपुरी नव्हती, नदीत सांडपाणी जात नव्हतं असंही होत नाही. मूल मेलं नाही याचा अर्थ ते धड वाढलं असा नाही.

आपली सवय अशी, की मोठा आकडा दिसला तरच आपल्याला धक्का बसतो. मग कुणीतरी तो फुगवतं. तो खोटा ठरला की दुसरं कुणी म्हणतं, ‘बघा, काहीच झालं नव्हतं!’ या दोघांच्या भांडणात खुरटलेलं मूल पुन्हा एकदा विसरलं जातं. म्हणून सांगतोय, मुलांच्या बाजूनं बोलायचं असेल तर तपासूनच बोला. खोटा आकडा शेवटी मुलांच्याच विरोधात जातो.

पुढं काही बदललं का?

बदललं. ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजना रुळल्यावर इराकमधलं रेशन माणशी २,२०० कॅलरींच्या आसपास गेलं. दीर्घकाळच्या कुपोषणाचं प्रमाण तीनात एक होतं, ते २००२ पर्यंत चारात एकाच्या आसपास उतरलं. म्हणजे इच्छा असली तर वाट निघते.

इच्छा असली तर किती पटकन निघते, त्याचं उदाहरण आपल्या शेजारचंच. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्ताननं अणुचाचण्या केल्या. अमेरिकेनं दोघांवर निर्बंध लादले. त्यात पाकिस्तानला गहू विकणं अडकायला लागलं, तसे अमेरिकेतले गहू उत्पादक शेतकरी अस्वस्थ झाले. जुलैमध्ये, म्हणजे दोनच महिन्यांत, शेतमालाला सूट देणारा कायदा झालासुद्धा! इराकच्या मुलांसाठी बोलणारी अशी लॉबी नव्हती.

इराकचा धडा घेऊन जगानं पुढं सरसकट बंदीऐवजी ठरावीक नेते, त्यांची खाती, शस्त्रं यांच्यावरच निर्बंध घालायला सुरुवात केली. तरीही प्रश्न सुटला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबाननं काबूल घेतलं. तोवर अफगाण सरकारच्या खर्चातला साधारण तीन चतुर्थांश पैसा परदेशी मदतीचा होता. तो थांबला. अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे अमेरिकेत असलेले सुमारे सात अब्ज डॉलर गोठवले गेले. कारवाईच्या धाकानं परदेशी बँका परवानगी असलेले व्यवहारही करेनात. पुन्हा तीच पायरी, पैशाची. डॉक्टरांना पगार नाही, बापाला काम नाही, बाळाची वाटी रिकामी.

त्यावर डिसेंबर २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेनं अफगाणिस्तानपुरती मानवतावादी मदतीला सूट दिली. आणि ९ डिसेंबर २०२२ रोजी २६६४ क्रमांकाच्या ठरावानं संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्याच आर्थिक निर्बंधांमध्ये अशी सूट आली. चौदा मतं बाजूनं. एकच देश तटस्थ राहिला. तो आपला. अशा सवलतींचा फायदा दहशतवादी संघटना घेतात, आपल्या शेजारात हे घडलंय, असं भारताचं म्हणणं होतं. ते हवेतलं नव्हतं. त्याच वर्षी भारतानं अफगाणिस्तानला ५० हजार टन गहू द्यायचं ठरवून अटारीवरून, पाकिस्तानमार्गे, ट्रकही रवाना केले होते. संशय आणि मदत एकाच वेळी. खरं जग असं गुंतागुंतीचं असतं.

चार प्रश्न विचारा

निर्बंध कधीच लादू नयेत, असं आमचं म्हणणं नाही. हुकूमशहाला मोकळं रान देणं हा काही उपाय नाही. पण ‘निर्बंध म्हणजे अहिंसक उपाय’ हे मात्र आंधळेपणानं मानू नका. पुढच्या वेळी कुठल्याही देशाबद्दल ही मागणी ऐकलीत की चार प्रश्न विचारा.

एक, अन्नाला सूट आहे म्हणता, पण त्याचे पैसे कुठल्या बँकेतून जाणार?

दोन, नुसतं अन्न की पाणी, वीज, औषधं आणि दवाखान्यातल्या नर्सचा पगारही?

तीन, मुलांची वजनं-उंच्या मोजणार कोण? ज्याला आकडा फुगवायचाय किंवा लपवायचाय, तोच मोजणार असेल तर उपयोग शून्य.

चार, हे संपणार कधी? इराकवरच्या निर्बंधांना शेवटची तारीखच नव्हती. उठवायचे तर पुन्हा ठराव हवा आणि तो कुणीही एक बडा देश नकाराधिकार वापरून अडवू शकत होता. मुलाच्या हजार दिवसांना मुदत असते, तर निर्बंधांना का नको?

विचारून काय होणार, असं वाटेल. तर एक गोष्ट सांगून थांबतो. पहिलं महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबलं, तरी ब्रिटन आणि मित्रराष्ट्रांनी पराभूत देशांची नाकेबंदी पुढं कित्येक महिने चालू ठेवली. ऑस्ट्रिया-जर्मनीतली मुलं उपाशी राहत होती. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब नावाची इंग्रज बाई लंडनच्या ट्राफल्गर चौकात उभी राहिली आणि उपासमारीनं खंगलेल्या ऑस्ट्रियन मुलाचा फोटो असलेली पत्रकं वाटू लागली. शत्रूच्या मुलाचा फोटो, आपल्याच राजधानीत! तिला अटक झाली, पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी तिनं बहिणीच्या साथीनं ‘सेव्ह द चिल्ड्रन’ सुरू केलं. तिनं लिहिलेला बालहक्कांचा मसुदा १९२४ मध्ये राष्ट्रसंघानं स्वीकारला.

तिनं युद्ध थांबवलं नाही, सरकारही पाडलं नाही. तिनं भर चौकात एकच गोष्ट विचारली. आपणही ती विचारू शकतो. वर्गात, डिबेटमध्ये, ग्रुपवर कुणी ‘लादा निर्बंध’ म्हणालं, की शांतपणे विचारायचं,

‘ठीक आहे. पण लेकरांच्या जेवणाचं काय ठरलंय?’